आईने मशीन काढून ठेवलं

मैफल जेमतेम सुरू झाली होती आणि आईने कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं. कालपासून तेच डोक्यात घोळतंय.

नेदरलँड्समधल्या हार्लेमचं सिंट बाफो चर्च तिला दाखवायचं हे किती दिवस मनात होतं. क्रिस्तिआन म्युलरने १७३८ साली पूर्ण केलेला ऑर्गन, सुमारे पाच हजार नळ्या, मोत्सार्टने दहाव्या वर्षी, १७६६ मध्ये, येऊन वाजवलेला. ट्रेनमध्ये सगळं सांगून झालं. तिने एवढंच विचारलं, "आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनसारखाच ना?" म्हटलं, त्यात पायाने भाता मारायचा आणि आतल्या धातूच्या पट्ट्या वाजायच्या; इथे एकेका सुराला वेगवेगळ्या नळ्या. "बरं," म्हणाली. बाबा असते तर त्यांनी… जाऊ दे.

आत शिरल्यावर ती वर बघेचना. सगळी फरशी थडग्यांच्या शिळांची. "माणसांच्या अंगावर पाय कसा द्यायचा गं?" कडेकडेने चालत खुर्चीपर्यंत आली आणि बसल्याबसल्या बूट-मोजे काढले. मी आपली वर बघ, वर बघ करतेय. पश्चिमेची भिंत व्यापून उभा असलेला तो तांबूस-सोनेरी डोलारा, टोकाला शहराचं चिन्ह धरलेले दोन सिंह, त्याच्याही वर लाकडी छत. इथला दगडी मनोरा खालच्या खांबांना पेलवेना, म्हणून सोळाव्या शतकात तो उतरवून लाकडाचा केला. तिचं आपलं एकच, "वाजवणारा कुठे बसलाय?" तो दिसतच नाही, त्याच्या पाठीशी नळ्यांचीच आणखी एक छोटी भिंत असते.

आणि मग ते मशीन. मला रडूच आलं. एवढ्या हौसेने आणलं आणि हिने कानच मिटून घेतले. माझ्या आवडीचं एखादं तरी तिने कधी…

रात्री न राहवून विचारलंच. म्हणाली, "मशीनमधून नुसता कालवा येत होता. एक सूर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर." खरं आहे, त्या उंच छताखाली सूर लवकर विरत नाही. मग सहज म्हणाली, "पण पायांना येत होतं की."

पायांना. सगळ्यात मोठी नळी बत्तीस फुटी, जवळजवळ दहा मीटर. तिच्या सुराची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, कंपनं सेकंदाला सोळाच्या आसपास. धडधाकट कानालाही तो धड ऐकू येत नाही, अंगालाच कळतो. आईला तो शिळेतून तळव्यांत आला. "पोटऱ्यांपर्यंत चढत होता," म्हणाली, आणि हात फिरवून दाखवलं.

तरी वाईट वाटतंच. वरच्या बारीक नळ्यांचे ते लख्ख सूर तिला मिळाले नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त तेच ऐकवायचे होते. पण ती खूश आहे, हेही दिसतंय. पुढच्या आठवड्यात परत जाऊ म्हणतेय. म्हटलं, निदान मधला संथ भाग तरी मशीन लावून ऐक.

"बघू," म्हणाली.