मशेरी आणि वगळलेली मिनिटं

छातीवर चिकटवलेल्या ईसीजी पॅचची रेकॉर्डिंग वाचणं हे माझं काम. एका माणसाचे 24 तासांत लाखभर ठोके भरतात. ते आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि संशयास्पद तेवढंच आमच्यापुढे येतं.

कोकणातल्या एका आजींच्या पॅचवरून सकाळी लाल अलर्ट आला: व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक वेगवान लय; 22 सेकंद, गती मिनिटाला 300. स्ट्रिप, म्हणजे ईसीजीचा तेवढा तुकडा, कुणी बघायच्या आतच घरी फोन गेला होता आणि तिकडे गाडीची शोधाशोध सुरू होती. ही घाई कुणी ठरवली, देव जाणे.

स्ट्रिपवर करवतीसारखे दाते होते. पण अलर्टच्या आधीच्या दोन क्यूआरएसमधलं, म्हणजे ठोक्याच्या टोकदार काड्यांमधलं, अंतर 720 मिलिसेकंद. डिव्हायडर तेवढाच उघडा ठेवून पुढे टाकत गेलं, तर त्या दात्यांतूनही दर 720 ला एक टोकदार काडी वर आलेली. म्हणजे हृदय 83 च्या गतीनं निवांत चाललं होतं. सुनेला विचारलं, तर म्हणाली, ‘‘त्या मशेरी लावत होत्या.’’ आजी डावखुऱ्या, पॅच डाव्या बाजूला. सेकंदाला पाच वेळा बोट फिरलं की कातडी ओढली जाते आणि असे दाते उमटतात.

खरी गोष्ट दुपारच्या भागात होती. तो ‘सिग्नल खराब’ म्हणून सॉफ्टवेअरनं वगळला होता. उघडला, तर 4.1 सेकंद एकही क्यूआरएस नाही. पॅच सुटला असता तर रेघ उडाली असती, भरकटली असती, पी वेव्हही, म्हणजे क्यूआरएसच्या आधी येणाऱ्या वरच्या कप्प्यांच्या छोट्या लाटाही, गेल्या असत्या. इथे रेघ शांत, आणि ठरल्या अंतरानं एकामागून एक पाच पी, मागे काहीच नाही. एव्ही ब्लॉक: वरच्या कप्प्यांचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नव्हता. त्रास नोंदवायची डायरी कोरी, कारण ती सून लिहिते आणि दुपारी ती घरी नसते. आजींना विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘जरा अंधारी आली होती.’’ स्ट्रिप लगेच डॉक्टरांकडे गेली.

भाग खराब का ठरला? पॅच लावणारी मुलं स्पिरिट सुकू देत नाहीत. केस काढून, कातडी हलकी घासून, पूर्ण कोरडी करून पॅच मिनिटभर दाबून धरायचा असतो. खोबरेल लावलेल्या, घामट छातीवर तो कडेनं उचलला जातो. मग खोटे अलर्ट वाढतात, ते नकोत म्हणून कुणीतरी गोंगाटाची चाळणी बारीक करतं, आणि शेजारची चांगली मिनिटंही कचऱ्यात जातात.

व्हीटीच्या अलर्टवर मीटिंग झाली. वगळलेला भाग मात्र अजून रिपोर्टात आपोआप गळतो. मी तो हातानं उघडते.