याकुत्स्कचा फेर
२५ सप्टेंबर २०२२, रविवार. सुट्टीच्या दिवशी डेस्कवर माणसं मोजकीच, त्यामुळे परदेशी व्हिडिओ तपासायचं काम माझ्याकडे. सकाळी रशियातल्या याकुत्स्कचा व्हिडिओ आला. चौकात बायका हातात हात धरून गोल फिरताहेत, मध्ये पोलीस. सहकाऱ्यानं लगेच निकाल दिला, "जुना असणार. सणातला नाच आहे."

शंका रास्त होती. ओसुओखाइ हा याकुत्स्क भागातल्या साखा लोकांचा फेर, यस्याख या सणात धरतात. पण यस्याख जूनमध्ये असतो आणि बायका पारंपरिक पोशाखात येतात. इथे अंगात जाड जॅकेटं. मग चार-पाच फ्रेम काढून रिव्हर्स इमेज सर्चला, म्हणजे तेच चित्र आधी कुठे आलंय का ते शोधायला, टाकल्या. पुष्कळ जण फक्त पहिली फ्रेम टाकतात; ती बहुधा हललेली असते, म्हणून जुना व्हिडिओ हाती लागत नाही आणि फसगत होते. मागच्या इमारती नकाशावरच्या फोटोंशी जुळवल्या. याकुत्स्क आपल्यापुढे साडेतीन तास. सावल्या आणि पहिल्या पोस्टची वेळ यांचा मेळ बसला. व्हिडिओ त्याच दिवसाचा होता.

चारच दिवसांपूर्वी पुतिन यांनी युक्रेनमधल्या युद्धासाठी अंशतः लष्करी भरती जाहीर केली होती. बायका जमल्या होत्या त्या तिच्याच विरोधात. संरक्षणमंत्री शोइगू यांनी आकडा सांगितला ३ लाख. पण हुकुमातलं सातवं कलम गोपनीय, आणि संख्या नेमकी त्याच कलमात. म्हणून बातमीत '३ लाख' बेधडक न लिहिता 'शोइगू यांच्या म्हणण्यानुसार' हे शब्द हवेतच. घाईत नेमके तेच गळतात.

दुपारी दक्षिण रशियातल्या दागिस्तानातल्या मखाचकलाहून व्हिडिओ आले. एका क्लिपमध्ये बायका पोलिसांना खडसावत होत्या: आमची मुलं का नेता? हल्ला कुणी कुणावर केला? रशियन जाणणाऱ्याकडून ते दोनदा ऐकून घेतलं आणि फोटोओळीत तसंच लिहिलं.

पानावर हेडिंग आलं, 'मातांचा टाहो'. त्या क्लिपमध्ये एकही बाई रडत नव्हती. त्या जाब विचारत होत्या, तेही पोलीस उचलून नेत असताना. आमच्या धंद्याची ही जुनी खोड आहे: बाई रस्त्यावर उतरली की तिचा मुद्दा कापायचा आणि डोळ्यांतलं पाणी छापायचं.

ऑनलाइन हेडिंग बदलून घेतलं, छापील पान गेलं होतं. त्याच सुमारास याकुत्स्क ज्याची राजधानी त्या साखा प्रांताच्या प्रमुखांनी, भरतीसाठी चुकून बोलावलेल्यांना परत पाठवायला हवं, असं कबूल केलं. ती दोन वाक्यं मी पाठवली होती. जागेअभावी पडली.