पुढचा ब्रेक

लहानपणी शिवाजी पार्कात बाबांनी सायकल शिकवली तेव्हा त्यांचं पहिलं सांगणं हेच होतं, "पुढचा ब्रेक दाबायचा नाही हां, तोंडावर पडशील." मला वाटतं मुंबईतल्या प्रत्येक पोराला हे कुणी ना कुणी सांगितलेलं असतंच. माझ्या हातात ते इतकं मुरलंय की आज चाळिशी आली, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवाली चांगली माउंटन बाईक आहे, दहा वर्षं झाली रविवारी सकाळी येऊरचा चढ किंवा कर्जत बाजूचे डोंगर चाललेत, तरी तीव्र उतार आला की उजवी बोटं आपोआप लिव्हरवरून उचलली जातात आणि सगळा भार मागच्या ब्रेकवर.

आणि खरं सांगायचं तर आपल्या सह्याद्रीत ते बरेचदा खपून जातं. आपला दगड बसाल्ट, काळा, त्याचे छोटे छोटे गोटे सुटतात, वर मुरूम, म्हणजे सगळा घसाराच. त्यावर हँडल वळवलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की चाक खालून निघालंच समजा. पावसाळ्यात तर शेवाळ, विचारूच नका. त्यामुळे बाबांचं वाक्य मला कधी चुकीचं वाटलंच नाही, या जानेवारीत हंपीला जाईपर्यंत.

धाकटा भाऊ दोन वर्षं मागे लागला होता, ताई एकदा ग्रॅनाईटवर चालवून बघ, वेगळाच खेळ आहे. शेवटी चार दिवस सुट्टी जमली. सायकली सुट्या करून बॅगेत भरल्या (चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घालायला विसरू नका, प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग तिथे जाऊन स्क्रूड्रायव्हरने उकलत बसावं लागतं), सीएसएमटीहून रात्रीची गाडी, सोलापूर विजापूर गदग करत दुसऱ्या दिवशी होस्पेट, तिथून टेम्पोने तुंगभद्रेच्या पलीकडे आनेगुंदी. मंदिरं, मंडप, अवशेष यांच्या आसपास सायकल घालायची नाही हे आम्ही निघतानाच ठरवलं होतं. आनेगुंदी आणि सणापूर बाजूच्या टेकड्यांवर गुराख्यांच्या वाटा आहेत, मोकळे कातळ आहेत, तेवढं आम्हाला पुरेसं होतं.

पहिल्या सकाळी चुरमुऱ्यांची ओग्गरणी आणि मिरची भजी खाऊन निघालो आणि पहिल्याच कातळावर भाऊ म्हणाला, ताई आधी उतर आणि हात लाव. लावला. नुकता टाकी लावून आणलेला पाटा असतो ना, अगदी तसा. गुलाबी करडा, मध्ये क्वार्ट्झचे चकचकीत कण, तळवा ओढला तर साल निघेल असा खरखरीत. हा दगड साधारण अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा, आपला बसाल्ट त्यापुढे साडेसहा कोटींचा म्हणजे कालचं पोर. तिथले ते एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे कुठून गडगडत आलेले नाहीत, जमिनीत असतानाच भेगांमधून पाणी मुरत जाऊन कोपरे झिजले आणि वरची माती वाहून गेल्यावर ते तसेच उघडे पडले. एका धोंड्यावर चौकोनी खाचांची सरळ रांग दिसली, विजयनगरच्या पाथरवटांनी दगड फोडायला पाडलेली. पाचेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी इथे रेघ आखली, खाचा पाडल्या आणि मग धोंडा तसाच सोडून दिला. मी त्यातल्या एका खाचेत बोट घालून बघितलं, आतल्या कडा अजून टोकदार आहेत.

कोरड्या ग्रॅनाईटवर रबर असं धरतं की पहिला अर्धा तास विश्वासच बसत नाही. टायर २.३५ इंची, हवा २४ पीएसआय, ज्या चढावर मी एरवी उतरून सायकल ढकलली असती तिथे चाक नुसतं वर चढत गेलं. अडचण उताराला. एक कातळ होता, दुमजली घराच्या छपरासारखा, लांबी पंधरा वीस पावलं, आणि खाली उजवीकडे वळण. मी सीट खाली केली, मागे सरकले, सवयीने फक्त डावा ब्रेक दाबला आणि मागचं चाक लॉक होऊन घसरायला लागलं. वेग कमी होईना, सायकल आडवी. डावा गुडघा आणि कोपर दोन्ही सोललं. ग्रॅनाईटवर पडणं म्हणजे किसणीवर पडणं.

भाऊ धावत आला, जखम धुतली, आणि मग तिथेच बसून जे समजावलं ते मला इतक्या वर्षांत कुणी समजावलं नव्हतं. उतारावर ब्रेक लावला की भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं, हलक्या चाकाला ब्रेक लावून काय थांबणार? थांबवायची ताकद पुढच्या चाकात. तोंडावर पडतो ते पुढच्या ब्रेकमुळे नाही, हात ताठ ठेवून एकदम दाबल्यामुळे. टाचा खाली, कोपरं वाकवलेली, कंबर मागे आणि खाली, आणि एका बोटाने हळूहळू, लिंबू पिळताना बी येऊ नये म्हणून कसं जपून पिळतो तसं. "आणि ताई, खाली बघ, कातळ संपतो तिथे काय आहे?" जाड वाळू होती. झिजलेल्या ग्रॅनाईटचेच कण कातळाच्या पायथ्याशी साचतात, आणि तिथे चाकाखाली मोहरी पसरल्यासारखं होतं. म्हणजे कातळावरच वेग कमी करायचा आणि वाळू यायच्या आधी पुढचा ब्रेक पूर्ण सोडायचा, वाळूतून सरळ जायचं, वळायचं त्याच्या पुढे. एवढंच. पण हे "एवढंच" करायला माझ्या उजव्या हाताला आयुष्यभराची सवय मोडायची होती.

मी त्या दिवशी तो कातळ केला नाही. लहान लहान उतारांवर दोन तास फक्त उजवं बोट शिकवलं. दाब, सोड, दाब, सोड. अकरा वाजता दगड इतका तापला की परत फिरलो. वाटेत एका कडेने माझ्या मागच्या टायरची बाजू कापली, आतलं सीलंट (भोक बुजवणारा चिकट द्रव) नुसतं फसफसून बाहेर, ते काही बुजेना. लोणावळ्याच्या चिक्कीचा रॅपर चार घड्या करून आतून लावला, ट्यूब टाकली, चाललं. शेताच्या बांधावरून एक आजोबा बघत होते, त्यांना मराठी नाही, आम्हाला कन्नड नाही, त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि आत जाऊन हळद घेऊन आले. हातावर ओतली आणि निघून गेले. मला नमस्कार करायलाही धड सुचलं नाही, अजून मनात राहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, ऊन तिरपं असताना, परत त्याच कातळावर. भाऊ खाली वाळूच्या थोडा वर उभा राहिला आणि म्हणाला मी "सोड" म्हटलं की सोडायचा. पुढचं चाक काठावरून खाली गेलं, बोट दाबलं, आणि सायकल थांबली नाही, पळालीही नाही, कुणीतरी मागून कॅरिअर धरल्यासारखी हळूहळू खाली उतरत गेली. फोर्क दबलेला जाणवत होता, टायर दगडावर कुरकुरत होता. "सोड!" सोडला. वाळू चर्रर्र करत मागे गेली आणि मी वळणाच्या पलीकडे होते. मग तो कातळ सहा वेळा केला, शेवटचे दोन त्याने न सांगता.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं त्या भाड्याच्या सायकलींना मागचाच ब्रेक धड लागायचा, पुढचा कधी लागेल कधी नाही, मग मी दुसरं काय सांगणार होतो?" हे मला आजवर माहीतच नव्हतं.

कर्जतजवळ एका वाटेवर बसाल्टचा एक कातळी उतार आहे, तिथे मी दरवेळी उतरून सायकल हातात धरून जाते. गेल्या रविवारी तिथे नुसती उभी राहून बघून आले. घसारा फक्त डाव्या बाजूला आहे, उजवीकडचा दगड स्वच्छ आहे. शेवाळ धरायला जून उजाडेल, तोपर्यंत वेळ आहे.