ताहिनीशिवाय हमस: तिळाची जागा कशाने भरायची

हमस म्हणजे उकडलेले छोले लिंबू-लसणासोबत वाटून केलेलं मऊ वाटण, आणि त्यात पडणारी ताहिनी म्हणजे तिळाचं सरसरीत वाटण. ताहिनी नाही म्हटलं की बहुतेक जण ती सरळ वगळतात आणि तेवढं तेल जास्त ओततात. मग जे तयार होतं ते म्हणजे उकडलेल्या छोल्यांची तेलकट चटणी. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनकडच्या हमसमध्ये ताहिनी सढळ हाताने पडते, आणि ती एकटी तीन कामं करते. तिच्यात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो. तिळाच्या बारीक दळलेल्या कणांमुळे तेल आणि पाणी एकजीव राहतं. शिवाय तिचा किंचित कडसरपणा लिंबाच्या आंबटपणाला तोलून धरतो. तेलाने यातलं फक्त पहिलं काम होतं.

पर्यायांकडे वळण्याआधी छोले, कारण ताहिनी नसताना कच्चेपणा लपायला जागाच उरत नाही. 200 ग्रॅम काबुली चणे भरपूर पाण्यात अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून 8 ते 10 तास भिजवावेत. ते पाणी फेकून, चणे चोळून धुवावेत आणि ताज्या पाण्यात पाव चमचा सोडा घालून शिजवावेत. सोड्याने सालांमधलं पेक्टिन, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ, विरघळतं. बोअरच्या जड पाण्यात नेमकं उलटं होतं: त्यातल्या कॅल्शियममुळे साल चिवट राहते, म्हणून शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्यावं. लिंबू किंवा कुठलंही आंबट या टप्प्यावर नको, त्यानेही छोले कडक राहतात. कुकर निम्म्याच्या वर भरू नये. फेस आणि सुटलेली सालं शिट्टीच्या भोकात अडकतात. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी.

उसळीसाठी बोटचेपा चणा पुरतो, इथे नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबल्यावर त्याचा लगदा झाला पाहिजे आणि मध्ये खडा लागता कामा नये. खडा लागला तर आणखी 10 मिनिटं शिजवा. मिक्सर कितीही फिरवला तरी ती कणी जात नाही. वर तरंगणारी सालं झाऱ्याने काढा. एकेक चणा सोलत बसायची मात्र गरज नाही, सोड्याने ते काम झालेलं असतं. छोले शिजवलेलं पाणी वाटताना घालायला वाटीभर बाजूला काढून गार करा. चाखून बघा, साबणासारखं लागलं तर सोडा जास्त झाला आहे, मग साधं गार पाणी वापरा.

ताहिनीच्या जागी माझी पहिली पसंती शेंगदाण्यांना. 40 ग्रॅम दाणे मंद आचेवर, नेहमीच्या कुटापेक्षा जरा जास्त खमंग भाजायचे. कडसर चव इथूनच येते, फक्त करपू द्यायचे नाहीत. सालं पाखडून, दाणे कोमट असतानाच चटणीच्या कोरड्या भांड्यात फिरवायचे. आधी कूट होतो, मग गोळा, आणि भांड्याच्या कडा खरवडत राहिलं की तेल सुटून सरसरीत होतं. अडलंच तर दोन चमचे साधं तेल घालावं. 40 ग्रॅमच्या पुढे गेलात तर मात्र उपासाची दाण्याची आमटी आठवायला लागते.

काजू चालतात, पण गोडसर लागतात. 40 ग्रॅम काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटावेत आणि लिंबू-जिरं वाढवावं. तिळाच्या चवीच्या सर्वांत जवळ जातात त्या भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. पण सोडा राहिलेल्या छोल्यांबरोबर त्या कधी कधी हिरवट पडतात, कारण त्यांच्यातलं क्लोरोजेनिक आम्ल अल्कधर्मी मिश्रणात रंग बदलतं. खायला अपाय नसतो, पण ताटात बरं दिसत नाही. म्हणून छोले निथळून कोमट पाण्याने धुवावेत, वाटताना साधं पाणी वापरावं आणि लिंबू आधीच घालावं.

आता क्रम. लसणाच्या 3 लहान पाकळ्या 3 मोठे चमचे लिंबाचा रस आणि एक चहाचा चमचा मीठ यांच्यासोबतच वाटायच्या आणि 10 मिनिटं ठेवायच्या. आम्लात लसणाचा उग्रपणा फारसा तयार होत नाही. आधी ठेचून मग लिंबू पिळलं तर हा फायदा मिळत नाही. त्यात दाण्यांचं वाटण आणि चमचाभर गार पाणी. मिश्रण आधी एकदम घट्ट होईल. तेव्हा तेल ओतू नका, चमचा चमचा पाणी घालत फिरवत राहा, ते पांढरट आणि मऊ होतं. मगच छोले घालायचे, तेही कोमट असताना; गार छोले रवाळ राहतात. अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड टाका आणि भांडं निम्मंच भरून थांबत थांबत दोन-तीन मिनिटं फिरवा. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये घालू नये, पात्याच्या माऱ्याने ते कडू होऊ शकतं. ते वाढताना वरून सोडावं.

हमस हवं त्यापेक्षा थोडं पातळ असतानाच थांबा. फ्रीजमध्ये छोल्यांमधला स्टार्च आवळतो आणि ते घट्ट होतं. तरीही जास्त घट्ट झालं तर कोमट पाण्याचा एखादा चमचा घालून घोटावं.

तिळाच्या ॲलर्जीमुळे हा खटाटोप असेल तर संक्रांतीला तीळ दळलेलं भांडं आणि त्याच्या झाकणाची रबरी रिंग वापरू नका, खाचेत अंश राहतो. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे हमसबरोबर खायची तयार पिटा रोटी घेताना लेबल वाचावं. त्याच माणसाला दाणे किंवा काजूही वर्ज्य असतील तर 3 मोठे चमचे चक्का आणि 2 चमचे तेल घ्या, आणि लिंबू निम्मं करा. दाण्यांचं हमस फ्रीजमध्ये 3-4 दिवस टिकतं, चक्क्याचं दोन दिवसांत संपवा.