पासवर्ड बरोबरच होता

प्रवेशाचे दिवस, सोमवार, सकाळचे साडेदहा. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मी नेटवर्कचं काम पाहतो. व्हरांड्यात पन्नासेक मुलं-मुली फोन हातात धरून उभी होती. बहुतेक वसतिगृहातली. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, सगळं फोनवरच भरायचं, आणि वसतिगृहाच्या मागच्या खोल्यांत मोबाइलची रेंज जेमतेम. वायफाय बंद म्हणजे त्यांचं कामच बंद.

"सर, परवाच्याला तर लागत व्हतं, आज काऊन लागंना?" परभणीकडच्या एका मुलानं फोन पुढे केला. पडद्यावर एकच ओळ : पासवर्ड तपासा आणि पुन्हा प्रयत्न करा.

ही ओळ फसवी आहे. पडताळणी कुठल्याही टप्प्यावर अडली, तरी अँड्रॉइड फोन बऱ्याचदा पासवर्डकडेच बोट दाखवतो. मदत खिडकीवरच्या सहकाऱ्यानंही त्यावर विश्वास ठेवून अकरापर्यंत चाळीसेक जणांचे पासवर्ड बदलून दिले होते. त्यानं दुखणं वाढलं. मुलाच्या खोलीत लॅपटॉप चालू असतो, त्यात जुना पासवर्ड साठवलेला. तो तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. आमच्याकडे पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं अर्धा तास बंद होतं. म्हणजे आता त्या मुलांची खातीही कुलूपबंद. आधी पासवर्ड बदलणं थांबवलं आणि मग सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला.

कॅम्पसचं वायफाय घरच्यासारखं नसतं. घरी सगळ्यांना मिळून एक पासवर्ड. इथे प्रत्येकाचा आयडी वेगळा, आणि छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट स्वतः काहीच ठरवत नाही. तो फोनचं म्हणणं रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे कुणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या संगणकाकडे, पोहोचवतो. पुढचा क्रम महत्त्वाचा. आधी सर्व्हर आपलं प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, फोनला दाखवतो. फोनला ते पटलं की दोघांमध्ये एक बंदिस्त बोगदा तयार होतो, आणि पासवर्डची पडताळणी त्या बोगद्याच्या आत होते. म्हणजे आधी सर्व्हरनं ओळख पटवायची, मग मुलानं.

लॉगमध्ये ओळीमागून ओळ तेच होतं : 'फेटल, अननोन सीए', म्हणजे प्रमाणपत्र देणारी संस्था (सीए) अनोळखी, जोडणी रद्द. आणि हा इशारा फोनकडून आलेला होता. सर्व्हरनं फोनला नाकारलं नव्हतं, फोननंच सर्व्हरला ओळखायला नकार दिला होता. पासवर्डापर्यंत गोष्ट पोहोचलीच नव्हती.

रविवारी रात्री आम्ही सर्व्हरचं प्रमाणपत्र बदललं होतं. २०२० पासून अशी सार्वजनिक प्रमाणपत्रं जास्तीत जास्त ३९८ दिवसांची मिळायची. मार्च २०२६ पासून ती मर्यादा २०० दिवसांवर आली, म्हणजे हे काम आता वर्षातून दोनदा. नव्या फाइलमध्ये आमच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र होतं, पण त्याला मूळ संस्थेशी जोडणारं मधलं प्रमाणपत्र राहून गेलं होतं. साखळीची मधली कडीच नाही. वेबसाइटवर अशी चूक झाली तर ब्राउझर पुष्कळदा ती कडी इंटरनेटवरून आणून काम चालवतो. इथे फोनला इंटरनेट मिळायचंच बाकी आहे. तो कुठून आणणार?

पण मग निम्म्या लोकांचं चालू कसं होतं? मी व्हरांड्यात जाऊन ज्यांचं लागत होतं त्यांचेच फोन मागून घेतले. विंडोज लॅपटॉपवाल्यांकडे ती मधली कडी आधी कुठल्या तरी वेबसाइटमुळे साठलेली होती. आयफोनवाल्यांसमोर नवं प्रमाणपत्र आलं होतं आणि त्यांनी न वाचता 'ट्रस्ट' दाबलं होतं. आणि तिसरा गट जुन्या अँड्रॉइडवाल्यांचा. त्यांच्या सेटिंगमध्ये सीए प्रमाणपत्राच्या जागी 'डू नॉट व्हॅलिडेट', म्हणजे तपासूच नका, असं निवडलेलं होतं. सीनियर मुलांनी त्यांना पहिल्या दिवशी तसंच शिकवलेलं.

त्या क्षणी मला चांगलाच धक्का बसला. जे फोन अडले होते ते आपलं काम चोख करत होते. जे सुरळीत चालत होते त्यातले कित्येक दार सताड उघडं टाकून बसले होते. आमच्याच नावाचं वायफाय कुणी कँटीनमध्ये बसून सुरू केलं असतं, तर हे फोन मुकाट्यानं त्याला जोडले गेले असते आणि पासवर्डच्या पडताळणीची देवघेव त्याच्या हाती पडली असती. त्या पडताळणीची एमएस-चॅप व्ही२ ही पद्धत फोडता येते हे २०१२ मध्येच जाहीरपणे दाखवलं गेलं आहे. तिचं सगळं संरक्षण बाहेरच्या बोगद्यावर आहे, आणि बोगदा प्रमाणपत्रावर. गूगलनं डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून आपल्या फोनमधून तो पर्याय काढून टाकला, पुढे इतर कंपन्यांच्या नव्या फोनमधूनही तो गेला, ते योग्यच झालं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. एकाच फाइलमध्ये आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र, त्याखाली मधलं. हा क्रम उलटा चालत नाही. मूळ प्रमाणपत्र फोनमध्ये असतंच, ते घालायची गरज नाही. सेवा पुन्हा सुरू केली, 'ईएपीओएल-टेस्ट' या साधनानं आधी स्वतः तपासलं, आणि सव्वाबाराला लॉगमध्ये पहिला 'ॲक्सेस-ॲक्सेप्ट', म्हणजे प्रवेश मंजूर, दिसला.

तरी दहाबारा फोन अडलेलेच. एकेक हातात घेतला. आधी 'फरगेट नेटवर्क', मग सेटिंगचे रकाने नव्यानं : ईएपी पद्धत पीईएपी (म्हणजे तो बोगदा), फेज २ मध्ये एमएस-चॅप व्ही२ (आतली पडताळणी), सीए प्रमाणपत्र 'यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स', डोमेनच्या रकान्यात सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरचं डोमेन. बऱ्याच जणांनी तिथे विद्यापीठाच्या वेबसाइटचा पत्ता सुरुवातीच्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सकट टाकला होता. फोन सर्व्हरच्या नावाचा शेवट त्या रकान्याशी जुळवून पाहतो. आमच्या सर्व्हरच्या नावात 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नाही, म्हणून जुळत नव्हतं. तेवढं पुसलं की लगेच लागायचं. हा रकाना रिकामाही सोडू नये. सार्वजनिक संस्थेचं प्रमाणपत्र कुणीही आपल्या डोमेनसाठी मिळवू शकतो. आपलं कोणतं हे फोनला याच रकान्यातून कळतं.

आयडीत '@' आणि पुढचा भाग हवाच. एज्युरोम म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या आयडीवर दुसऱ्या विद्यापीठातही वायफाय देणारी व्यवस्था. तिचं भारतातलं काम अर्नेट इंडिया ही संस्था पाहते. तीत विनंती कुठल्या विद्यापीठाकडे पाठवायची हे त्या पुढच्या भागावरूनच ठरतं. बाहेरून आलेल्या एका संशोधक बाईंनी नुसता आयडी टाकला होता, म्हणून आमचाच सर्व्हर त्यांना अनोळखी ठरवत होता. 'अनॉनिमस आयडेंटिटी'च्या रकान्यात नाव लपवता येतं, पण '@' नंतरचं लपवायचं नसतं.

कळमनुरीच्या एका मुलीच्या फोनवर मात्र सगळं बरोबर असून लागेना. फोनमध्ये सिम नव्हतं, बॅटरी पूर्ण उतरून गेलेली, आणि तारीख दोन वर्षं मागची. त्या तारखेला आमचं प्रमाणपत्र जन्मलेलंच नव्हतं. तारीख हातानं दुरुस्त केली, लागलं.

तीनच्या सुमारास वाचनालयातून नवी तक्रार : जोडलं जातंय, पण नेट नाही. नेट वापरायला प्रत्येक फोनला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, लागतो. तिथे असे २५४ पत्ते होते आणि प्रत्येक पत्ता चोवीस तासांसाठी दिला जायचा. सकाळपासून पाच-पाच मिनिटं येऊन गेलेल्या फोनांनी सगळे पत्ते अडवले होते. मुदत दोन तासांवर आणली आणि जागा १०२२ पत्त्यांपर्यंत वाढवली. नुसती मुदत कमी करून त्या दिवशी भागलं नसतं. आधी दिलेले पत्ते जुनी मुदत संपेपर्यंत अडकूनच राहतात.

उरलं ते त्या उघड्या फोनांचं. त्यांची तक्रार नव्हती, त्यामुळे ते खिडकीवर येणार नव्हते. मंगळवारपासून संध्याकाळी सातनंतर आम्ही दोघं वसतिगृहाच्या मेसबाहेर टेबल टाकून बसलो. जेवायला येणाऱ्याचा फोन पाहायचा, 'डू नॉट व्हॅलिडेट' दिसलं की सेटिंग नव्यानं करायचं आणि पासवर्ड त्यानंतरच बदलायला लावायचा. गुरुवारी रात्रीपर्यंत एकशे बारा फोन झाले. मुलींचं वसतिगृह शुक्रवारी सुरू केलं.