प्रॉक्समॉक्स पेटीत १६ टीबी डिस्क: बसवली, तपासली आणि मुद्दाम काढूनही बघितली

पेटीची स्थिती आधी: ऑफिसातून निघालेला जुना टॉवर, ३२ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), त्यावर प्रॉक्समॉक्स ८, म्हणजे एकाच पेटीत अनेक वेगळे सर्व्हर चालवणारी प्रणाली. फोटोंसाठी इमिच, गाणी-सिनेमांसाठी जेलीफिन, गेटवरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि किरकोळ दोन-तीन कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले छोटे सर्व्हर). एनव्हीएमई भरत आलं म्हणून ३.५ इंची, १६ टीबीची साटा डिस्क आत घेतली. डिस्क आता चालू आहे, डेटा हलवणं सुरू आहे. स्क्रू आणि केबल हा अर्ध्या तासाचा मामला. खरा विचार करायचा तो याचा, की एखाद्या दिवशी ही डिस्क उठलीच नाही तर बाकीची पेटी कशी वागेल. या नोंदीत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

खरेदीबद्दल थोडक्यात. एवढ्या मोठ्या डिस्क दुकानात शेल्फवर क्वचित असतात, मागवाव्या लागतात. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतात वॉरंटी लागू आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. हातात आल्यावर ‘स्मार्टसीटीएल’ने (डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदी वाचणारी कमांड) ९ नंबरचा ॲट्रिब्यूट, म्हणजे चालू असलेले तास, बघा. हा आकडा शून्यावर आणता येतो. सीगेटची डिस्क असेल तर स्मार्टसीटीएल ७.४ पासून ‘फार्म’ नावाचा वेगळा लॉग वाचता येतो. दोन्हींतले तास जुळले नाहीत तर डिस्क परत करा. स्वस्तात सास (सर्व्हरमधल्या वेगळ्या जोडणीची) डिस्क मिळते म्हणून भुलू नका, ती मदरबोर्डच्या साटा पोर्टवर चालत नाही, वेगळं एचबीए कार्ड लागतं.

आता बसवणं. मोठ्या डिस्कला बाजूची मधली भोकं बहुतेक वेळा नसतात, आणि खालच्या बाजूला भोकांच्या जोडीतलं अंतर जुन्या ४४.४५ मिमीऐवजी ७६.२ मिमी असतं. जुन्या टॉवरचा पिंजरा मधल्या भोकावर अवलंबून असेल तर डिस्क एका टोकाला लोंबकळते. इथं २ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा ब्रॅकेट करून घेतला. इथल्या उद्यमनगरात, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या भागात, असलं काम कोणताही फॅब्रिकेशनवाला उभ्या उभ्या करून देतो, फक्त मापं कागदावर लिहून न्या आणि डिस्क घरीच ठेवा. स्क्रू ६-३२ यूएनसी लागतात. २.५ इंची डिस्कचे एम३ स्क्रू आत जातात, पण धरत नाहीत. ब्रॅकेट आणि पेटीच्या मध्ये रबरी वॉशर टाकले, नाहीतर पत्रा रात्रभर गुणगुणतो. समोर १२० मिमीचा पंखा आहे. ४५ अंशांच्या वर डिस्क जाऊ द्यायची नाही असं ठरवलं आहे, आणि मे महिन्यात ते सांभाळायला पंखा लागतोच.

पॉवरची एक गोम माहीत असू द्या. बऱ्याच सर्व्हर-वर्गाच्या डिस्कमध्ये तिसऱ्या पॉवर पिनवर ‘पॉवर डिसेबल’ नावाची सोय असते. त्या पिनेला ३.३ व्होल्ट मिळाले की डिस्क झोपूनच राहते. जुने एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तिथं ३.३ व्होल्ट देतात. लक्षण स्पष्ट असतं: डिस्क फिरत नाही, बायोसमध्ये दिसत नाही, आणि माणूस डिस्क मेली समजून परत पाठवतो. उपाय: डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजत पहिल्या तीन पॉवर पिनांवर कॅप्टॉन टेपची (वीजरोधक टेप) बारीक पट्टी. मोलेक्स-साटा ॲडॉप्टरनेही (मोलेक्स म्हणजे जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) जमतं, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते. पण ओतीव प्लास्टिकचा स्वस्त ॲडॉप्टर घेऊ नका, ते आतून शॉर्ट होऊन जळतात. तारा दाबून बसवलेला घ्या.

डेटा टाकण्याआधी तपासणी. पहिली स्मार्टची लांब टेस्ट: सरासरी १९० एमबी प्रति सेकंद धरली तर १६ टीबी एकदा वाचायला साधारण २३-२४ तास. मग ‘बॅडब्लॉक्स’ची लिहिण्याची टेस्ट. ही चार नमुने लिहिते आणि प्रत्येक परत वाचते, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या, आठवडाभराचं काम. टीमक्समध्ये (लॉगआउट झालं तरी कमांड चालू ठेवणारं साधन) सोडून द्या. ब्लॉक साइझ ४०९६ द्यावाच लागतो, कारण बॅडब्लॉक्स ३२ बिटांत ब्लॉक मोजतं. ४०९६ने १६ टीबी बसतं, पण १८ टीबीची डिस्क बसत नाही, तिथं ८१९२ द्या. टेस्टनंतर ५, १९७ आणि १९८ हे तिन्ही ॲट्रिब्यूट (खराब किंवा संशयास्पद सेक्टरची मोजणी) शून्य हवेत. १९९ (केबलवरून येता-जाता झालेल्या चुकांची मोजणी) वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटा केबल बदला.

टीप: डिस्क लाइनक्समध्ये १४.५५ टीबी दिसते. काही चोरीला गेलेलं नाही, तो १००० आणि १०२४ चा हिशोब आहे.

फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ग्रुपात नेहमीचा वाद होणार, म्हणून कारण लिहितो. एकच डिस्क असताना झेडएफएस ही फाइलसिस्टिम खराब झालेली फाइल ओळखतं, पण दुसरी प्रत नसल्याने दुरुस्त करू शकत नाही, आणि कॅशसाठी रॅम मागतं ते वेगळंच. दोन डिस्कचा मिरर असता तर झेडएफएसच केलं असतं. इथं जीपीटी पार्टिशन आणि ईएक्सटी४ ही लाइनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम.

पण ईएक्सटी४ डिफॉल्टवर सोडू नका. डेबियनमध्ये (प्रॉक्समॉक्सच्या पायाशी असलेलं लाइनक्स) एवढ्या आकाराला दर ३२ केबीमागे एक आयनोड, म्हणजे एका फाइलच्या नोंदीची जागा, धरला जातो. १६ टीबीला ते सुमारे ४८ कोटी ८० लाख आयनोड, प्रत्येकी २५६ बाइट, म्हणजे जवळपास १२५ जीबी नुसत्या तक्त्यांत. त्यावर ५ टक्के जागा रूटसाठी (ॲडमिन युजर) राखीव, म्हणजे आणखी ८०० जीबी. डेटाच्या डिस्कवर त्या राखीव जागेचा काही उपयोग नाही. म्हणून फॉरमॅट करताना राखीव शून्य आणि प्रकार ‘लार्जफाइल’, म्हणजे दर १ एमबीमागे एक आयनोड. दीड कोटी फाइली मावतात आणि तक्ते ४ जीबीच्या आत उरकतात. ‘लार्जफाइल४’ आणखी जागा वाचवतं, पण फक्त ३८ लाख फाइली. फोटोंचा साठा आणि त्याचे थंबनेल तिथं टाकणार असाल तर ती मर्यादा एक दिवस आडवी येते, आणि आयनोड नंतर वाढवायचे तर फाइलसिस्टिमच मोठी करावी लागते. थंबनेल आणि डेटाबेस इथं एनव्हीएमईवरच ठेवले आहेत.

फॉरमॅट झटकन होतं आणि माउंट केल्यावर (एका फोल्डरवर जोडल्यावर) डिस्क बराच वेळ कुरकुरत राहते, कोणी काही लिहीत नसताना. आयओटॉपमध्ये (कोण डिस्क वापरतंय ते दाखवणारं साधन) ‘ईएक्सटी४लेझीइनिट’ दिसेल: राहिलेले तक्ते पार्श्वभूमीला लिहिणं चालू आहे. चालू द्या.

इथून पुढं विषय हार्ड. माउंट केलेली जागा ही शेवटी एक फोल्डर असते. डिस्क आली नाही तरी फोल्डर जागेवर असतो, आणि बॅकअप, रेकॉर्डिंग सगळं निमूटपणे रूट पार्टिशनवर, म्हणजे एनव्हीएमईवरच्या सिस्टिमच्या जागेत, उतरतं. काही तासांत रूट भरतं आणि वेब इंटरफेसही धड चालत नाही. मूळ दुखणं एका केबलचं, बंद पडतो अख्खा सर्व्हर. म्हणून चार बंदोबस्त केले.

पहिला: माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचॲटर’ने अपरिवर्तनीय केलं. डिस्क नसेल तर त्यात रूटलाही लिहिता येत नाही.

दुसरा: एफस्टॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्याची यादी) यूयूआयडीने (फाइलसिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांक) नोंद, कारण ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं पुढच्या बूटला बदलू शकतात. सोबत ‘नोफेल’ आणि ३० सेकंदांचा डिव्हाइस टाइमआउट. नोफेल नसेल तर बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं आणि मॉनिटर-कीबोर्ड शोधत बसावं लागतं. नोफेलची दुसरी बाजू अशी, की सिस्टिमडी (लाइनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) मग माउंटची वाट न बघता पुढं जातं आणि कंटेनर डिस्कच्या आधी उठू शकतात. त्यासाठी त्याच ओळीत ‘एक्स-सिस्टिमडी.बिफोर’ला कंटेनर उठवणाऱ्या पीव्हीई-गेस्ट्स सर्व्हिसचं नाव दिलं.

तिसरा: प्रॉक्समॉक्समध्ये डिरेक्टरी स्टोरेज जोडल्यावर ‘पीव्हीईएसएम’ या कमांडने ‘इज-माउंटपॉइंट’ चालू केलं. माउंट नसलं की ते स्टोरेज निष्क्रिय दाखवलं जातं आणि बॅकअप जॉब सरळ फेल होतो. फेल झालेला चांगला, मेल तरी येतो.

चौथा: कंटेनरला माउंटचा मूळ फोल्डर न देता त्यातला उपफोल्डर बाइंड केला, म्हणजे कंटेनरच्या आत दिसेल असा जोडला. डिस्क नसेल तर उपफोल्डर नसतो, आणि कंटेनर सुरूच होत नाही. रिकामी लायब्ररी बघून इमिचने सगळे फोटो गायब धरण्यापेक्षा हे बरं. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरमध्ये (ज्याच्या रूटला होस्टवर रूटचे अधिकार नसतात) आतला १००० नंबरचा युजर बाहेर १०१००० असतो, मालकी त्याप्रमाणे द्या, नाहीतर परमिशनच्या एररमध्ये संध्याकाळ जाईल. बाइंड केलेला डेटा प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये येत नाही हेही लक्षात असू द्या.

मग चाचणी: पेटी बंद, साटा डेटा केबल काढली, पेटी चालू. स्टोरेज निष्क्रिय. इमिच आणि जेलीफिन फोल्डर नसल्याची एरर देऊन थांबले, एनव्हीएमईवरचे बाकीचे कंटेनर नेहमीसारखे उठले. रूटची भरलेली जागा जशीच्या तशी. पेटी बंद करून केबल परत लावली, सगळं जागेवर.

डेटा हलवताना कंटेनर बंद ठेवून ‘आरसिंक’ (फाइलींची प्रत करणारी कमांड), हार्डलिंक आणि एसीएलचे (तपशीलवार परवानग्या) पर्याय लावून. पहिली फेरी संपल्यावर चेकसमसह दुसरी, मगच जुनी प्रत पुसायची.

राहिलेली कामं: यूपीएसला ‘नट’ (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) जोडून लाइट गेल्यावर आधी कंटेनर आणि मग होस्ट शिस्तीत बंद करणं, स्मार्टडीचे (डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणारी सेवा) मेल, आणि फोटोंची दुसरी प्रत. पेटी पहिल्या मजल्यावर आहे, पण २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या गावात दुसरी प्रत त्याच घरात ठेवण्यात अर्थ नाही. ती गडहिंग्लजला नातेवाइकांकडं एका जुन्या ४ टीबी डिस्कवर जाईल, फक्त फोटो आणि कागदपत्रं. सिनेमे परत मिळतात.