‘फॉरमॅट मारून देतो, काका’

सोसायटीचा लॅपटॉप मला खजिनदारपदाबरोबर मिळाला. 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क, 4 जीबी रॅम, आणि मेंटेनन्सची बिलं, सभासदांची खाती, सगळं त्यातच. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, ऑडिटर हिशेब मागतोय, आणि हे यंत्र एक एक्सेल उघडायला चहा उकळून गाळून होईपर्यंत वेळ घेतंय. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के, वेग मात्र एक एमबीसुद्धा नाही. मधूनच आतून टक्, टक्, मग घर्र.

स्टेशनजवळच्या दुकानात नेला. काउंटरवरच्या पोराने झाकण उघडलं, दोन बटणं दाबली आणि निकाल दिला: “विंडोज करप्ट आहे काका. फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी न्या.” म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणार. समोर जॉबशीट सरकवली. बारीक अक्षरात ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’, खाली माझी सही हवी.

मी म्हटलं, अरे बाबा, आधी डिस्क तर तपास. “फॉरमॅट केल्याशिवाय कळत नाही.” हे वाक्य अजून डोक्यात जातं. सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा, खराब झाला की फॉरमॅटने तो बरा होत नाही. नवं विंडोज चांगल्या जागेवर बसलं की महिनाभर लॅपटॉप पळतो, मग पुन्हा तेच, आणि जुना डेटा मात्र तेव्हाच गेलेला असतो. दुकानाचं काय जातंय?

बराच वेळ हटून बसलो तेव्हा कुठे त्याने डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं. फुकट मिळतं, मिनिटात चालतं. पिवळा ‘कॉशन’, म्हणजे सावध. सी-5 च्या ओळीत, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर जिथे मोजले जातात तिथे, शेवटी 148. “दीडशेच आहेत काका, चालतं एवढं.” आता तो आकडा हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, असतो. तिथले 148 म्हणजे आपले 328. पोराला सांगितलं तर त्याने मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाले, “मग रिकव्हरीला पाठवू, त्याचा चार्ज वेगळा.” म्हणजे पाच मिनिटांपूर्वी जे पुसायला निघाले होते, तेच आता पैसे घेऊन वाचवणार! लॅपटॉप उचलला. चेकिंग चार्ज घेतलाच, वर पावतीवर ‘सॉफ्टवेअर प्रॉब्लेम’.

पुढचं घरी सरळ झालं. डिस्क काढून सॅटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यूने आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढली. हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग उचलतो, खराब जागी नंतर परत येतो. कुठवर काम झालं याची नोंद ठेवणारी मॅपफाइल दिली असेल तर वीज गेली तरी थांबल्या जागेपासून पुढे जातो. थोडे सेक्टर शेवटपर्यंत आले नाहीत, पण खाती सगळी उघडली. इमेजमधून फायली काढून नव्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवर, टाकल्या. ऑडिटरला फायली मेल केल्या तेव्हा, खरं सांगतो, त्या मालकाला कॉपी टाकावीशी वाटली.

हो, इमेज ठेवायला 1 टीबीची बाहेरची डिस्क घ्या. 500 ची इमेज 480 च्या एसएसडीवर मावत नाही. आणि ती डिस्क फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

लॅपटॉप सुरू होताना विंडोज स्वतःहून ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग’ करायला लागलं तर सुरुवातीलाच कुठलंही बटण दाबून ते टाळा. मरायला टेकलेल्या डिस्कवर ही तपासणी (चेकडिस्क) म्हणजे ताप असलेल्याला पर्वती चढायला लावणं. डेटा निघाल्यावर हवं ते करा. फ्रीजरमध्ये डिस्क ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत दव धरतं.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी-7 चा, म्हणजे डेटा नेताना होणाऱ्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर मात्र आधी केबल आणि कनेक्टर बघा. डिस्क बऱ्याचदा ठीक असते.

जुनी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका, आत सभासदांचे पॅन नंबर असतात. मी ड्रिलने भोकं पाडली. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात, तेव्हा डिस्क जाड फडक्यात गुंडाळा आणि डोळ्यांवर गॉगल लावा.